भिंतीकडे तोंड करून उभा असलेला माणूस

या माणसाबद्दल मी याआधी एकदा लिहिलं आहे. एक पानभर. ते पान प्राणिसंग्रहालयाच्या कचेरीत एका फायलीत लावलेलं आहे. त्यावर आवक शिक्का आहे, तारीख आहे, खाली माझी सही आहे. त्यातलं बरंचसं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. एक गोष्ट पाहिली नव्हती, तीही लिहिली. आज पुन्हा लिहिल्यानं ते पान फायलीतून निघणार नाही, हे मला कळतं. पण तो माणूस कोण होता हे निदान एका ठिकाणी तरी नीट लिहिलेलं असावं, एवढ्यासाठी बसले आहे.

ते हत्तीखान्यातले रखवालदार. वय सत्तावन्न. बुटके, रुंद खांद्यांचे, डाव्या कानानं जवळजवळ बहिरे. तरुणपणी एक हत्तीण अगदी कानाशी किंचाळली, तेव्हापासून त्या कानात नुसता घुमघुम आवाज. त्यामुळे ऐकताना ते मान थोडी कलती ठेवतात आणि अनोळखी माणसाला वाटतं, हा आपल्यावर संशय घेतोय. सगळं प्राणिसंग्रहालय त्यांना ‘घाईनको’ म्हणतं, कारण दिवसातून पन्नास वेळा त्यांच्या तोंडून तेच निघतं. गाडी ढकलणाऱ्याला घाई नको, फाटक उघडणाऱ्याला घाई नको, पगारपत्रक वाटायला आलेल्या शिपायालाही घाई नको. पगारपत्रकावरचं त्यांचं खरं नाव वाचून नवीन शिपायानं एकदा विचारलं होतं म्हणे, “हा कोण बुवा? आपल्याकडे असा कोणी आहे?”

एकोणिसाव्या वर्षी ते तिथे खडी वाहायला आले. नवीन हत्तीखान्याचं बांधकाम चालू होतं. काम संपलं, ठेकेदारानं माणसं सोडली, तेव्हा त्या वेळच्या मुकादमानं विचारलं, “लीद काढायला कोण थांबतंय?” कोणीच हात वर केला नाही. यांनी केला, कारण यांचं लग्न अडलं होतं; मुलीच्या वडिलांना कायमची नोकरी असलेला जावई हवा होता. “आमचं लग्न लीदेनं जमवलं,” असं त्यांची बायको अजून चारचौघांत सांगते. ती एका इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करते. मुलगा दुसऱ्या शहरात बस चालवतो. त्याच्याकडे हे कधी दोन रात्रींपेक्षा जास्त राहिले नाहीत. तिसऱ्या दिवशी यांना करमेनासं होतं, आणि सून हसत हसत पिशवी भरून दारात ठेवते.

हत्तीखान्यात दोघी आहेत. एक म्हातारी, तिला सगळे ‘आजी’ म्हणतात. दुसरी तिच्याहून वीसेक वर्षांनी लहान, ती ‘धाकटी’. आजी यांच्या आधी वर्षभर तिथे आलेली. “नोकरीत ती मला सीनियर आहे,” ते म्हणतात. सकाळी सहाला आल्यावर पहिलं काम लीद हातानं फोडून बघायची: गवत नीट चावलंय का, वास कसा आहे. मग एकेक पाय चौकटीवर ठेवायला लावून धुवायचा, नखं कानशीनं घासायची, तळव्याच्या भेगांत खडा अडकलाय का ते बोटानं चाचपायचं. आठ पाय झाले की हे चहा पितात. अडतीस वर्षं.

हे सगळं मला नंतर कळलं. ज्या दिवशी मी त्यांच्याबद्दल पान लिहिलं, त्या दिवशी मला त्यांच्या गणवेशाचा रंग आणि पाठ एवढंच माहीत होतं.

माझी मुलगी प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करते. तिच्या प्रबंधाचा विषय असा: हत्तीला एखाद्या गोष्टीची अर्धवटच माहिती मिळाली, तर तो कसं ठरवतो. तिनं गजांबाहेर एक गाडा केला होता. त्यावर झाकणाच्या दोन बादल्या, झाकणांना भोकं, आत सूर्यफुलाच्या बिया. एकीत जास्त, एकीत कमी. हत्तिणीनं सोंडेनं वास घ्यायचा आणि जी बादली हवी तिचा दोर ओढायचा. बाजूला एका घमेल्यात नेहमीचं वाळकं गवत. त्यात ओळखायचं काही नाही, ते कधीही घेता येतं. एका बादलीत भरपूर आणि दुसरीत मूठभर बिया असल्या, की आजी एकदा हुंगायची आणि दोर ओढायची. पण दोन्हींत जवळजवळ सारख्या असल्या, किंवा झाकणाची भोकं बुजवून दोनच ठेवली, की तिचं वागणं बदलायचं. ही हुंग, ती हुंग, पुन्हा ही. सोंडेचं टोक तोंडात घालून वास चाखायचा. दोन पावलं मागे जायचं, पुढचा एक पाय अधांतरी झुलवत उभं राहायचं. एकदा तर सात मिनिटं. “सात मिनिटं, आई! बियांसाठी!” जेवताना मुलगी सांगायची. “आणि धाकटी तिच्या मागे उभी, ही काय ठरवते ते बघत.”

मला त्या गोष्टीत फक्त तीन शब्द ऐकू यायचे: चार टन, गज आणि माझी मुलगी. ही माझी जुनी खोड आहे. ती शाळेच्या सहलीला गेली, तेव्हा मी बसच्या चाकांची हवा चालकाला विचारून आले होते. “तू तिकडे यायचं नाहीस,” तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “आलीस तर मी तुला ओळख दाखवणार नाही.”

मी गेले. एका गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, तिकीट काढलं आणि हत्तीखान्याच्या प्रेक्षकांच्या बाजूला जाऊन जाड काचेमागे उभी राहिले. आतलं काही ऐकू येत नव्हतं. मुलगी गाड्याजवळ होती, गजांपासून हातभर अंतरावर. आजी समोर. आणि रखवालदार, ज्याच्या भरवशावर मी तिला तिथे जाऊ देत होते, तो त्या दोघींकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभा होता. शाळेत कोपऱ्यात उभं केल्यासारखा. मान कलती, कोपर अंगाशी, दोन्ही हात पुढे पोटाशी. वीस मिनिटं मी घड्याळ लावून पाहिलं. तो एकदाही वळला नाही. मध्येच आजीनं बादल्या सोडून दिल्या, सोंड गजांतून बाहेर काढली आणि माझ्या मुलीच्या खांद्यावर ठेवली. तिथून मानेपर्यंत, मानेवरून केसांत. मुलगी दगडासारखी स्थिर. तो माणूस तेव्हाही वळला नाही.

मी घरी आले आणि लिहायला बसले. नवरा म्हणाला, “दोन दिवस थांब. आधी तिला विचार तरी.”

“विचारून काय? ती खरं सांगणार आहे का मला?”

“मग त्या माणसाला विचार.”

“त्याला? जो भिंतीशी बोलत उभा होता?”

माझ्यापुढे नवरा वाद घालत नाही, आणि त्याचा मी नेहमी फायदा घेते.

इथे मला माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी पाणीपुरवठा खात्यात तक्रार विभागात आहे, बावीस वर्षं. आमच्याकडे येणारी प्रत्येक तक्रार आधी माझ्या टेबलावर येते. ‘पाणी येत नाही, कृपया लक्ष घालावे’ असं लिहिणारी तक्रार गठ्ठ्याच्या तळाशी जाते. जिच्यात तारीख, वेळ, जागा असते, ‘जीवितास धोका’ असतं, आणि खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून वरच्या दोन अधिकाऱ्यांची नावं असतात, ती संध्याकाळपर्यंत हलते. कोणत्या वाक्यावर साहेबाची मान वर होते हे मला पाठ आहे. मी त्या सगळ्या जागा भरल्या. आणि मग वाटलं, नुसती पाठ फिरवून उभा होता म्हटलं तर ते म्हणतील, कामात असेल. तो काय करत होता ते लिहायला हवं. हात पुढे, मान वाकडी. दुसरं काय करणार? मी लिहिलं, ‘सदर कर्मचारी संपूर्ण वेळ मोबाइल पाहत होता.’

मोबाइल मला दिसला नव्हता.

सही माहेरच्या आडनावानं केली आणि पत्ता भावाचा दिला, मुलीला कळू नये म्हणून. म्हणजे आपण करतोय त्यात तोंड लपवण्यासारखं काहीतरी आहे, हे माझ्या हाताला तेव्हाच माहीत होतं.

शुक्रवारी पत्र दिलं. सोमवारी संध्याकाळी मुलगी घरी आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात आली.

“काकांना काढलं.”

“कोणत्या काकांना?”

“आपल्या घाईनको काकांना! हत्तीखान्यातून काढून गवताच्या कोठीवर टाकलं. कोणा बाईनं तक्रार केलीय. म्हणे मोबाइल बघत होते. आई, हत्तीखान्यात मोबाइल नेतच नाहीत! दारात पेटी आहे, तिच्यात टाकून आत जायचं. वाजला की धाकटी बिथरते.”

मी भाजी ढवळत होते. ढवळत राहिले. “मग भिंतीकडे तोंड करून का उभे होते ते?”

तोंडातून निघून गेलं. भिंतीचं ती अजून बोललीच नव्हती. पण ती इतकी संतापली होती की तिच्या लक्षात आलं नाही.

“मीच उभं केलं होतं! पहिले आठ दिवस आजी सगळी उत्तरं बरोबर देत होती. वास बंद केला तरी बरोबर. मला वाटलं मी मोठा शोध लावला. मग लक्षात आलं, ती काकांकडे बघतेय. कोणत्या बादलीत जास्त आहे ते त्यांना माहीत असायचं आणि त्यांच्याही नकळत त्यांचं वजन त्या पायावर जायचं. वास पुरेसा नसला की ती ज्याच्यावर विश्वास आहे त्याला विचारते. नजरेनं. म्हणून मी म्हटलं, काका, तुम्ही तोंड फिरवा. ते तयारच होत नव्हते. म्हणाले, अडतीस वर्षांत मी तिच्याकडे पाठ केलेली नाही, आमचा पहिला नियम आहे तो. मग माझ्यासाठी केलं. पण मधल्या फाटकाचा दोर दोन्ही हातांत धरून उभे राहायचे. जरा काही झालं तर तो ओढून आजी आणि माझ्यामध्ये फाटक पाडता यावं म्हणून.”

हात पोटाशी. दोर.

“आणि त्या दिवशी,” ती म्हणाली, “आजीनं माझ्या खांद्यावर सोंड ठेवली तर त्यांना श्वासावरून कळलं. न वळता विचारतात, ‘मास्तरीणबाई, सोंड कुठाय?’ म्हटलं, खांद्यावर. तर म्हणतात, ‘हलू नका. माझं तोंड दिसत नाही म्हणून तुमचं मत विचारतेय ती.’”

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. गॅस बंद करून, वळून, सांगायचं होतं. मी विचारलं, “पोळी एक वाढू का दोन?”

त्यानंतर रोज ती तिकडची बातमी आणायची आणि मी ती ऐकायचे, दुसऱ्या कुणाच्या घरची असल्यासारखी. अस्वलांकडचा एक बदली माणूस हत्तीखान्यात आला होता. चांगला होता, पण आजीला तो माहीत नव्हता. बाहेरच्या अंगणातून आत यायच्या दाराशी ती थबकायची, सोंडेनं उंबरा चाचपायची, मागे फिरायची. बादल्यांपुढे तर ती उभीच राहीना. “आता ती विचारच करत नाही, आई. सरळ गवताकडे जाते. काही ओळखायलाच नको तिला.” चौकशी समिती पुढच्या आठवड्यात गुरुवारी बसणार होती. आरोप खरा ठरला तर काका निवृत्तीपर्यंत कोठीवरच. निवृत्तीला आठ महिने होते. त्यानंतर त्यांना आजी दिसली असती ती तिकीट काढून, काचेतून.

मधल्या शनिवारी मी कोठीवर गेले. सांगायचंच असं ठरवून गेले होते. वाक्यसुद्धा तयार केलं होतं.

कोठी म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, छतापर्यंत गवताच्या गासड्या. काका एका गासडीचा दोर कापत होते. मी चुकून डाव्या बाजूनं बोलले. त्यांना ऐकू गेलं नाही. मग उजवीकडून गेले.

“मी तिची आई.”

“मास्तरीणबाईंची? या या, ताई.” त्यांनी एक गासडी हातानं झाडली. “बसा. टोचेल जरा. इथे खुर्ची मागितली होती, मुकादम म्हणाला, गवतात बसायला मिळतंय, अजून काय पाहिजे.”

मी बसले. ते माझ्या मुलीचं कौतुक करत राहिले. ती आजीला कशी दम देत नाही, वाट बघते. “नाहीतर लोकांना वाटतं हत्ती मंद आहे,” ते म्हणाले. “मागे एकदा अंगणाच्या दारात नवीन लोखंडी पत्रा टाकला, पायपुसण्यासारखा, एवढा मोठा. आजी त्याच्यावर पाय देईना. एक पाय टेकवायची, दाबून बघायची, आवाज ऐकायची, काढून घ्यायची. तीन दिवस. मुकादम माझ्या डोक्यावर बसला. म्हणाला, ढकल तिला, साखळी लाव. म्हटलं घाई नको. चौथ्या दिवशी गेली आपली आपण.”

“पत्र्यात काही दोष होता का?”

“छे! उत्तम पत्रा. अजून आहे.” ते हसले. “पण तिला ते माहीत नव्हतं ना, ताई. ठाऊक नसलं की ती असंच करते. आणि चुकतेसुद्धा हां कधी कधी. कमी बियांची बादली ओढते. मग दोर सोडून माझ्याकडे अशी बघते, जसं मीच भरली ती.”

मी माझं वाक्य सुरू करणार होते. त्यांनी त्याच्या आधीच विषय काढला.

“तुम्ही काळजी करू नका. पोरीचं नाव मी येऊ देत नाही. पाठ करायला तिनं सांगितलं हे समितीला कळलं, तर तिचा परवाना जाईल. लेखी परवानगी घेतली नव्हती तिनं. मी सांगणार, होता मोबाइल. बघत होतो. संपलं.”

“पण तुम्ही बघत नव्हतात.”

“मला कुठे लावता येतो तो? बायको लावून देते.” ते दोर गुंडाळत म्हणाले, “ती लिहिणारी बाई असेल कोणाची तरी आई-मावशी. पोर बघितली असेल गजांपाशी, घाबरली असेल. त्याचं काही नाही. पण मोबाइल कुठून काढला हो तिनं?”

“काय माहीत,” मी म्हणाले.

खरं सांगायचं तर त्यांचं ते बोलणं ऐकून मला सगळ्यात आधी वाटली ती सुटका. मुलीचा परवाना वाचला. आणि मी वाचले. लाज त्यानंतर वाटली, बसथांब्यापर्यंत पोचल्यावर. तीही इतकी नाही की परत फिरावं. त्या सुटकेत मी चार दिवस काढले. जेवले, झोपले, कचेरीत लोकांच्या तक्रारींवर शेरे मारले. एका तक्रारीवर तर ‘पुरावा जोडावा’ असा शेरा मारला आणि पुढची घेतली.

बुधवारी जेवताना मुलगी म्हणाली, “उद्या मी समितीपुढे जाऊन सांगणार आहे. काकांना मीच भिंतीकडे उभं केलं होतं.”

“परवाना जाईल तुझा.”

“जाऊ दे.”

“अगं, दोन वर्षांचं काम आहे! ते स्वतः म्हणतायत ना की ते घेतात अंगावर…”

तिनं हातातला घास खाली ठेवला. “तुला कसं माहीत ते काय म्हणतायत?”

“तूच म्हणालीस.”

“मी नाही म्हणाले. मला आज कळलं, धुलाईघरातून काकू आल्या होत्या तेव्हा.” ती माझ्याकडे बघत राहिली. मग बहुधा वाटलं असेल, आई काय, काळजीपोटी कुणाकुणाला फोन करते. तिनं मान हलवली. “त्यांनी माझ्यासाठी खोटं बोलायचं आणि मी गप्प बसायचं? असं वाढवलंस का तू मला?”

नवरा ताटात बघत होता. त्याला सगळं माहीत होतं. मी तेव्हाही बोलले नाही.

आणि नुसतं तिच्या सांगण्यानं भागणारही नव्हतं. समितीला ती काकांच्या बाजूची. पाठ का केली ते तिनं सांगितलं असतं. मोबाइल नव्हता हे सिद्ध कोण करणार? एका परक्या बाईनं डोळ्यांनी पाहिल्याचं लेखी दिलं होतं. परकी बाई खोटं कशाला लिहील, असं तर मीही माझ्या टेबलावर हजारदा म्हटलं होतं. म्हणजे दुसऱ्या दिवशी दोघंही बुडणार होते, आणि माझं पान तेवढं शाबूत राहणार होतं.

गुरुवारी संचालकांच्या खोलीबाहेर मी पावणेअकरालाच जाऊन बसले. मुलगी आली, मला पाहून थबकली. “आई? तू का आलीस?” मी म्हटलं, “मला बोलायचंय.” तिला वाटलं, मी तिला अडवायला आले आहे. “प्लीज, आई. आज नको,” ती म्हणाली आणि आत गेली. तिच्या मागोमाग मीही गेले. टेबलापलीकडे संचालक आणि दोन अधिकारी होते, मुकादम एका बाजूला उभा होता. काका धुतलेल्या गणवेशात, केसांना पाणी लावून, खुर्ची दिलेली असूनही उभेच.

“आपण कोण?” संचालकांनी विचारलं.

मी आधी माहेरचं नाव सांगितलं. त्यांनी फायलीत पाहिलं. मग मी सासरचं नाव सांगितलं आणि म्हणाले, “ही माझी मुलगी. पत्र मी लिहिलं. यांची पाठ होती तेवढं खरं आहे. मोबाइल मी पाहिला नाही. मला वाटलं, म्हणून लिहिलं.”

मुलीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मी टेबलावरच्या टाचणीच्या डबीकडे बघत उभी राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण कुणी मला बस म्हणालं नाही, आणि ते बरोबरच होतं.

“बाई, तुम्ही पाणीपुरवठ्यात तक्रार विभागात आहात ना?” एका अधिकाऱ्यानं विचारलं. “आत्ता सासरचं नाव सांगितलंत, त्यावरून ओळखलं. आमच्या इमारतीच्या पाण्यासाठी मी तुमच्याकडे तीनदा अर्ज केलाय. तुम्ही तिन्ही वेळा ‘प्रत्यक्ष पाहणी करून ठरवू’ असं कळवलंत.”

मुकादमानं खोकल्यासारखं केलं.

मग मुलगी बोलली, तिचं जे होतं ते. आवाज सपाट होता. काकांना विचारलं, तर ते म्हणाले, “पोर म्हणतेय ते खरं आहे. पण साहेब, तिला काही करू नका. पाठ माझी होती.”

निकाल त्यांनी आठवड्यानं लेखी दिला. मोबाइलचा आरोप रद्द. हत्तीकडे पाठ करून उभं राहिल्याबद्दल काकांना लेखी ताकीद, कारण नियम तो नियम. अडतीस वर्षांतली पहिलीच. चार आठवडे कोठीवर, मग हत्तीखान्यात परत. मुलीचं काम तीन महिने बंद, तोवर नवी परवानगी, नव्या अटी. तिच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या की प्रबंध एक वर्षानं पुढे जाईल.

समिती बसली त्या दिवशी घरी येताना मुलगी माझ्याशेजारी बसली नाही. घरी आल्यावर एकच विचारलं, “भाजी ढवळत होतीस ना तू, मी सांगत होते तेव्हा?” मी हो म्हटलं. ती तिच्या खोलीत गेली. पुढच्या महिन्यात तिनं मैत्रिणीबरोबर खोली घेतली. फोन उचलते. जेवलीस का विचारलं तर हो म्हणते. पूर्वी मी दिवसाला चार फोन करायचे. आता एक करते, आणि तो करायच्या आधी बराच वेळ हातात धरून बसते.

काका परत रुजू झाले त्या दिवशी मी गेले. काचेमागे नाही, हत्तीखान्याच्या मागच्या फाटकाशी, जिथून गवताची गाडी आत जाते. अंगणात आजी उभी होती. मला वाटलं होतं, ती धावत येईल, ओरडेल. काही नाही. ती लांब थांबली. काका आत जाऊन कठड्यापाशी उभे राहिले, हाक न मारता. खूप वेळानं ती जवळ आली, त्यांचे बूट हुंगले, हात हुंगले, सोंड तोंडाशी नेली, मागे गेली. धाकटीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. पुन्हा आली, या वेळी बगलेत, मानेशी. काका तसेच. अर्धा तास मी बघत होते. मग तिनं एक पाय उचलून चौकटीवर ठेवला आणि त्यांनी वाकून नळी उचलली.

आठही पाय धुवून झाल्यावर ते गाडी घेऊन बाहेर आले. मला पाहून थांबले. मी उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले.

“तुम्ही मला माफ केलंत का?”

ते माझ्याकडे बघत राहिले. मान कलती होती. रागावलेले दिसले नाहीत, हसलेही नाहीत.

“अजून ठरवलं नाही, ताई,” ते म्हणाले. “घरी बायकोनंही विचारलं. तिलाही हेच सांगितलं.”

आणि गाडी ढकलत कोठीकडे गेले.

त्याला आता पाच महिने झाले. त्यांच्या निवृत्तीला दोन राहिले आहेत. मी पुन्हा विचारायला गेलेले नाही.